हातभर वायरी

कर्जतच्या बाजारातलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तौकीरचं. दोन वर्षांपूर्वी तौकीर गेला आणि त्याची बायको उझमा खुर्चीत बसली. काम तिला येत होतं, बारा वर्षं नवऱ्याशेजारी बसून शिकली होती. पण लोकांना पटायला हवं ना! ते अजून 'तौकीरचं दुकान'च म्हणत. दीर सुफियानने तर मुदतच घातली होती. महिनाअखेरपर्यंत एक तरी मोठं काम तडीस ने, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला देऊ.

काम आणलं कडावच्या हिरामणने. एका कारखान्याने मोडीत काढलेला सर्व्हर त्याने गावच्या अभ्यासिकेसाठी मागून घेतला होता. त्यात बसवलेला नवा प्रोसेसर चालायला मदरबोर्डच्या चिपमध्ये नवा प्रोग्राम भरावा लागणार होता. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणे, हा बोर्ड आमच्या यादीतच नाही. "म्हातारा झाला की कोन वळख दाखवीत नाय, भाभी," हिरामण म्हणाला.

उझमाने तौकीरची क्लिप बाहेर काढली. ती चिपला लावायची, तिच्या वायरी प्रोग्रामर नावाच्या डबीला जोडायच्या आणि कंपनीला न विचारता थेट लिहायचं. लिहून झालं, पण लिहिलेलं परत वाचून केलेली पडताळणी फसली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तीन दिवस हिरामण यायचा, चहा घ्यायचा आणि परत जायचा.

चौथ्या दिवशी तिने चुका कागदावर उतरवल्या. चिप बिघडली असती तर चूक एकाच जागी आली असती. इथे दरवेळी नवी जागा, म्हणजे वाटेतच काहीतरी सांडत होतं. आणि वाट म्हणजे त्या हातभर वायरी! एवढ्या लांब वायरींचा भरवसा नसतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी बाईने सगळं तपासलं, तेवढं सोडून. तौकीरची कंबर धरायची, टेबलावर वाकवत नसे, म्हणून मागे रेलून काम करता यावं यासाठी त्याने त्या स्वतः जोडल्या होत्या. त्या कापायच्या म्हणजे तिच्या जिवावर आलं.

मग कापल्या. वीतभर ठेवून सोल्डरने पुन्हा जोडल्या. आता टेबलाला खेटून बसणं भाग होतं. दोन वर्षं तौकीरच्या जागेवरून न हललेली खुर्ची तिने पुढे ओढली.

या खेपेला पडताळणी बरोबर आली. बोर्ड सुरू झाला, पडद्यावर अक्षरं आली. तेवढ्यात बाजूला बसलेल्या हिरामणला घरून फोन आला, कुठे आहेस म्हणून.

"हितंच हाय गं, उझमाभाभीच्या दुकानात," तो म्हणाला.

उझमाला रडूच आलं. वायरींचे तुकडे तिने गोळा केले आणि ओढणीच्या टोकाला बांधून ठेवले.