सत्कारमूर्तीची मॅच

कुणी पाठ थोपटली की तो मान खाली घालून म्हणायचा, "मी काय केलं सर? गेलो अन् आलो." ऑलिंपिकला जाऊन आलेला आपल्या परभणीकडचा पोरगा असं म्हणतो, याचं आम्हाला केवढं कौतुक! आम्ही त्याला विनय म्हणायचो. तो आपला खरं तेच सांगत होता. हॉकी संघात राखीव खेळाडू म्हणून गेला आणि एक मिनिटही मैदानात न उतरता परत आला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. तो आमच्याच कॉलेजात शिकलेला. मी मराठी शिकवायचो, हॉकीतलं मला ओ की ठो कळत नसे. एकदा मॅचच्या मध्यंतरात शेजारी येऊन म्हणाला, "सर, तुमी नुसता चेंडू बघायलाव. मानूस बघा." तेव्हापासून मी त्यालाच बघायचो. पळताना तो हसत असे. वर्गात कधी हसला नाही, पण तो दोष माझ्या शिकवण्याचा.

कॉलेजच्या मैदानावर मॅच आणि त्याचा सत्कार, असं ठरलं. त्या दिवशी सकाळीच तो स्टिक घेऊन माझ्या दारात हजर. "सर, आई यायलीय जिंतूरच्या एसटीनं. तिनं मला खेळताना कधी पाह्यलं न्हाई. तिकडं उतरवलं न्हाई, हितं तरी उतरवा."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडेच होती.

आखणी कसली! फेटा, शाल, नारळ आणि मग भाषणांमागून भाषणं. मॅच सुरू झाल्यावर मी अध्यक्षांच्या कानाशी लागलो. ते म्हणाले, "सत्कारमूर्ती चड्डीवर पोरांत पळणार? पाहुणे बसलेत. बरं दिसतं का?" मी पडलो नोकरदार, मान हलवली. तो फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसून राहिला आणि समोर मॅच संपली. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही टाळ्याच वाजवल्या असत्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज वाटते. आता वय झालं, शरीर थकलं, पण ती लाज काही थकत नाही.

पुढे तो परगावी नोकरीला लागला. स्टिक त्यानं पुन्हा हातात धरली नाही म्हणतात. तिकडेच वारला.

सत्काराच्या त्या दिवशी त्याच्या आईची एसटी वाटेत बंद पडली होती. म्हातारी पोचली तेव्हा अर्धी मॅच झालेली. ती पलीकडे बायकांत बसली. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला पळणारी पोरं तेवढी दिसली. मॅच संपल्यावर मी तिला मंडपामागे घेऊन आलो. त्यानं फेटा काढून ठेवला होता.

"त्यातला तू कोनता व्हतास रं?" तिनं विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "शेवटचा गोल झाला न्हाई का आई, त्यो म्याच मारला."

"मला वाटलंच." तिनं पदरानं त्याचं कोरडं कपाळ पुसलं. "लय पळालास बाबा. बस आता जरा."

तो बसला.