वर्द्या बघणारा शिंपी

आमच्या नौबाद भागातल्या शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेचे गणवेश शिवताना तो मोबाइलवर अंतराळातली एक जुनी मालिका लावतो, आवाज बंद ठेवून. गोष्टीशी त्याला घेणंदेणं नाही. तो फक्त वर्द्या बघतो. "अक्का, पहिल्या भागात खिसे होते, आता न्हाईत. कामून?"

माझ्या वारलेल्या नवऱ्याचा कंडक्टरचा खाकी सदरा मी परवा त्याला पिशवी शिवायला दिला. त्यानं तुटलेलं बटण लावून, इस्त्री करून तो तसाच परत केला.

"पिशवी कुठाय?"

"नव्या भागात वर्दी बदलली म्हणून जुनीची पिशवी करत्यात व्हय, अक्का?"

मी चिडून घरी आले. दार लावून तो सदरा अंगात घातला आणि नुसती उभी राहिले. शिंप्याला जाऊन रागवावं की नको, अजून कळत नाही.