खळबाईंनी चाखलेलं कार्ड

खळबाई कागद चाखून बघायच्या. थट्टा नाही. गिऱ्हाइकानं फाटकं पुस्तक, रजिस्टर, पोथी, काहीही पुढे केलं की बाई आधी त्याची कड जिभेच्या टोकाला लावायच्या, डोळे मिटायच्या, मग दाराबाहेर थुंकून निकाल द्यायच्या. "हे दमट भिंतीला ठेवलं व्हतं." "ह्याला कुनीतरी पेज लावून चिकटवलंय, म्हनून उंदीर लागला." नवं गिऱ्हाईक चक्रावून जायचं. तलाठी कचेरीतला एक कारकून तर किळस येऊन दप्तर तसंच उचलून निघाला होता. बाईंनी त्याला मागून हाक मारली, "अवो, तोंड माझं कडू व्हतंय, तुमचं काय जातंय?" तो परत आला. सगळेच परत यायचे, कारण कर्जतपासून खोपोलीपर्यंत तसं बाइंडिंग दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लुगड्याला, हातांना, दुकानाच्या फळीलासुद्धा खळीचा वास, म्हणून खळबाई. कर्जतच्या बाजारात, एक किराणा आणि एक भांड्यांचं दुकान यांच्या मधल्या बोळकांडीत त्या बसायच्या. माहेर जवळच्याच कोंडाण्याचं. नवरा मुंबईच्या छापखान्यात बाइंडर होता. त्याच्या शेजारी बसून काम शिकल्या आणि तो गेल्यावर त्याचा दाभण, कातर आणि लाकडी शिकंजा घेऊन गावाकडे आल्या. रोज सकाळी ताजी खळ शिजवायच्या. गव्हाचं पीठ, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. या मोरचुदामुळे त्यांच्या खळीला किंचित निळसर झाक असे आणि चव कडूजहर. ती मी स्वतः घेतलेली आहे, म्हणून सांगतो.

बाईंचा एक नियम होता. फाटलेलं सांधलं की पाठीमागे पेन्सिलीनं बारीक 'सां' लिहायचं. सांधलंय, एवढाच अर्थ. पुष्कळांना ते आवडत नसे. एवढं बेमालूम काम केलंत आणि वर डाग कशाला, म्हणून हुज्जत घालायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि 'सां' जरा ठळक करायच्या. एकदा मीही विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, छप्पन साली आमी धर्म बदलला. चारचौघांत बदलला, कुनापास्न लपवला नाय. बदललं तर बदललं म्हनून सांगावं की. लाज कसली?" आणि पुन्हा पुठ्ठा कापायला लागल्या.

आता माझं. मी मोहोपाड्याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, राहायला कॉलनीत. नाद एकच, सिगारेटच्या पाकिटातली जुनी कार्डं. इंग्रजांच्या काळात पाकिटात खेळाडूंची रंगीत चित्रं निघायची, ती माझ्या वडिलांनी जमवलेली. सिगारेटी ओढून ओढून छातीचं खोकं केलं, पण कार्डं मात्र एकाला सुरकुती नाही! हॉकीवाल्यांचा संच पुरा होता. क्रिकेटवाल्यांच्या पंचविसांत चोवीस होती, विकेटकीपर तेवढा नव्हता. वडील शेवटच्या आजारातही म्हणायचे, "तो एक राहिला रे." त्या एकासाठी मी वीस वर्षं वणवण केली.

तो विकेटकीपर निघाला आमच्याच कारखान्यातल्या एका बड्या साहेबांकडे. त्यांनाही हाच नाद. मुंबईत अशा संग्राहकांचं एक मंडळ होतं. तिथले परीक्षक भिंग लावून कार्ड तपासायचे, प्रत ठरवायचे आणि पारदर्शक पाकिटात घालून वर लाखेचा शिक्का मारायचे. साहेबांच्या विकेटकीपरवर लिहिलेलं होतं: 'अव्वल. मूळ स्थितीत. कोणतीही दुरुस्ती नाही.' साहेब म्हणाले, हॉकीचा संच द्या आणि हे घ्या. मी दिला. अख्खा संच. वडिलांच्या हातचा. बायकोनं दोन दिवस अबोला धरला आणि तिचं बरोबर होतं.

नव्या कार्डासाठी चांगली पेटी करून घ्यावी म्हणून मी मिरवत कर्जतला गेलो. बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. मी "बाई, अहो!" म्हणेपर्यंत लाख फुटली होती आणि माझ्या विकेटकीपरची कड त्यांच्या जिभेला लागली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई शांतपणे बाहेर थुंकल्या. "चहा," त्या म्हणाल्या. "कडा नव्यानं कापल्यात, आन पांढऱ्या दिसू नयेत म्हनून चहाचं पानी लावलंय." मग डावा कोपरा चाखला आणि त्यांचा चेहराच बदलला. "आन ही खळ माझी हाय."

तीन वर्षांपूर्वी साहेबांचा शिपाई ते कार्ड त्यांच्याकडे घेऊन आला होता, कोपरा तुटलेला. बाईंनी कार्डाचे पापुद्रे सोडवून आत जुन्या रेशनकार्डाचा तुकडा बसवला होता, वर पातळ कागद लावून रंग मिळवला होता आणि पाठीवर 'सां' लिहिलं होतं. ते 'सां' आता नव्हतं. कुणीतरी खोडरबरानं साफ केलं होतं.

मी काय केलं असेल? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "बाई, बोलू नका कुठे. लाख पुन्हा लावू. मी हे दुसऱ्या कुणाला तरी देतो आणि बदल्यात हॉकीचा संच मिळतो का बघतो." बाईंनी हातातली कातर खाली ठेवली. "म्हंजे तुमी फसलाव, आता आनखी कुनाला फसवनार? आन माझ्या खळीनं? मग भाऊ, ह्या दुकानाची पायरी चढू नका." इतकं घालूनपाडून मला माझी आईही कधी बोलली नव्हती.

पुढच्याच रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं. साहेब अध्यक्ष आणि मुंबईचे ते परीक्षक पाहुणे. बाई सकाळच्या एसटीनं चौक गावावरून मोहोपाड्याला आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. माझं कार्ड, लाख पुन्हा लावून, टेबलावर मांडलेलं होतं. बाई थेट पाहुण्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये सांधलेलं हाय. मी सांधलंय."

पाहुणे हसले. "बाई, आम्ही भिंगानं तपासतो. तुम्ही कशानं तपासता?"

"जिभेनं. तुमच्या भिंगाला चव कळती का?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांचं तोंड लाल झालं. ते म्हणाले, "या बाईंना कुणी बोलावलं? बाइंडिंगवाल्यांनी बाइंडिंग करावं." बाईंनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. "ताटलीत पानी आना," त्या म्हणाल्या. "डावा कोपरा सुटंल. आत रेशनकार्डाचा तुकडा हाय, त्यावर 'साखर' मधला 'ख' छापलेला हाय. 'ख' निघाला नाय, तर आजपास्न मी खळीला हात लावनार नाय. चारचौघांत सांगते."

कँटीनवाल्यानं स्टीलची ताटली आणली. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कार्ड माझं होतं. पाण्यात घातलं तर बाईंचं खरं असो की खोटं, वडिलांचा राहिलेला विकेटकीपर भिजून जाणार होता. नाही घातलं तर शिक्का, प्रत, अव्वल नंबर, सगळं शाबूत. कुणी मला बोल लावला नसता. साहेब हळूच म्हणाले, "विचार करा हं." त्या 'हं'नंच माझं डोकं फिरलं. मी लाख फोडून कार्ड पाण्यात सोडलं.

पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. पाणी मात्र चहाच्या रंगाचं होऊ लागलं. कुणीतरी खोकलं. बाई पदर खोचून उभ्या होत्या, ताटलीकडे बघतही नव्हत्या. मग डावा कोपरा फुगला, पापुद्रा वर आला आणि एक चिमुकला तुकडा सुटून पाण्यावर तरंगायला लागला. कँटीनवाल्यानं तो बोटावर उचलून धरला. 'ख'. जांभळट शाईतला, आमच्या सगळ्यांच्या घरी असतो तसला 'ख'.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पण टाळ्यांनी कुणाचं काही वाकडं झालं नाही. साहेब म्हणाले, अदलाबदल राजीखुशीनं झाली आहे, हॉकीचा संच परत मिळणार नाही. मिळाला नाहीच. मंडळाकडून मला पत्र आलं: भिजलेल्या कार्डाचं परीक्षण करता येत नाही, मूळ अभिप्राय कायम आहे. कारखान्याची रजिस्टरं दर वर्षी बाईंकडे बांधायला जायची, ती त्या वर्षापासून बंद झाली. ते त्यांचं निम्मं काम होतं. एका कारकुनानं त्यांना सुचवलं की साहेबांना भेटून, गैरसमज झाला एवढं म्हणा, काम सुरू होईल. बाई म्हणाल्या, "गैरसमज नाय झाला, 'ख' झाला." त्या वर्षी त्यांनी शाळेच्या वह्या बांधल्या, लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवली, पण मोहोपाड्याला गेल्या नाहीत.

मंडळाचं पत्र मी त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी पाकिटाची कड चाखली. "नुसती थुंकी," त्या म्हणाल्या आणि ते पत्र आपल्या खळीनं दुकानाच्या दाराला, आल्यागेल्याला वाचता येईल असं चिकटवलं. पुढे किती पावसाळे गेले, दार कुजलं, पत्र काही सुटलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी माझं कार्ड पुन्हा सांधलं. तोच 'ख' आत बसवला. या वेळी खळीत मोरचूद मुद्दाम जास्त घातलं, म्हणून सांध्याची निळी रेघ आता लांबूनही दिसते. पेन्सिलही घेतली नाही. टाक शाईत बुडवून पाठभर लिहिलं: 'कोपरा सांधलेला. कडा कापलेल्या. आतमध्ये ख आहे. खळ माझी.' खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव घातलं. मी मजुरी पुढे केली तर हात झटकला आणि म्हणाल्या, "आता खोडून दाखवा म्हनावं."

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तर डोळे मिटून पडल्या होत्या. मी औषधाची कागदी पुडी हातात दिली, त्यांनी ती जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. आम्ही दोघं खूप हसलो. तीच शेवटची भेट. त्या गेल्या तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

मध्यंतरी त्याच मंडळाचा एक नवा परीक्षक माझा संग्रह बघायला घरी आला. चांगला मुलगा होता. पंचवीसही कार्डं बघून म्हणाला, "काका, विकेटकीपर फार दुर्मिळ आहे. सांधा असू द्या, पण पाठीवरची शाई काढून देता येते. मग निदान मधली प्रत तरी नक्की मिळेल." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आमच्याकडे प्रदर्शन अजून भरतं. मी चोवीस खेळाडू सुलटे मांडतो. पंचविसावा उलटा मांडतो, पाठ वर करून. लोक विचारतात, चित्र कुठल्या बाजूला आहे? मी म्हणतो, याच.