लांब शिट्टी

"मागं सब बराबर. चला," असं म्हणून ते हिरवा रुमाल हलवत, आणि मगच आमची टोळी पुढे सरके. रविवारी सकाळी तारनाक्याहून विद्यापीठाच्या झाडीकडे तुम्ही कधी फिरायला गेला असाल, तर ते तुम्हालाही दिसले असतील. घोळक्यात सगळ्यात शेवटी चालणारे, उंच, किंचित वाकलेले. सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली. सगळी गल्ली त्यांना गार्डसाब म्हणायची.

काचीगुड्याला एका लग्नाहून निघताना आम्ही सगळे रिक्षात बसलो, तरी हे मांडवातच. कुणाची छत्री, कुणाची पिशवी, खुर्चीवर डुलकी घेणारी कुणाची आत्या, सगळं गोळा करून आले. "गाडी सुटली की मागचं कोण बघतं भाऊ? गार्डच बघतो." वहिनी म्हणायच्या, ह्या माणसाबरोबर मी कधी वेळेवर पोचले नाही, पण काही हरवलंही नाही.

निवृत्तीनंतर डोंगराची टूम त्यांनीच काढली. गल्लीतले आम्ही पाच-सहा जण हिमाचलात गेलो. दिवसभराची चढण, वर खिंडीखाली एक दगडी झोपडी, मुक्काम तिथं. मी जन्माचा भित्रा. गच्चीच्या कठड्याशीसुद्धा मी जात नाही. तरी त्यांनी मलाच वाटाड्याच्या मागे, सगळ्यांच्या पुढे घातलं. "भित्रा ड्रायवर असला की गाडी जपून चालते," म्हणाले, आणि आपली शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. "लांब शिट्टी मारली की गार्ड येतो. कुठं का असंना."

वाट म्हणजे डोंगराला निघालेला ओरखडा. डावीकडे कातळ, उजवीकडे काहीच नाही, आणि खाली खोल नदीचा आवाज. दर वळणावर मी मागे बघे. रुमाल हले. मग माझा श्वास सुरू होई. त्या दिवशी मी चढलो तो त्या रुमालाच्या जोरावर.

दुपार कलली तेव्हा वाटाड्या थांबला. पुढे ओढ्यावर लाकडी पूल होता. तो शाबूत आहे का बघून येतो म्हणाला आणि गेला. आम्ही कातळाला पाठ लावून उभे राहिलो. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि शेजारच्या माणसाचे बूट दिसेनासे झाले.

वाटाड्या परतला. "पुल ठीक है, पर पानी चढ़ रहा है. अभी चलो." मी मागे पाहिलं. रुमाल नव्हता.

"आत्ता तर इथंच होते," त्यांच्या पुढे चालणारे आमचे शेजारी म्हणाले.

आम्ही हाका मारल्या. नदीच्या आवाजात त्या कुठे गेल्या कळलं नाही. वाटाड्या थोडा मागे गेला आणि वाटेच्या कडेला ओणवा होऊन खाली बघू लागला. तो खाली का बघतोय हे माझ्या ध्यानात आलं. वहिनींना काय सांगायचं, ते वाक्य मी मनात जुळवायलाही लागलो होतो. मन किती पुढे पळतं बघा.

बाकीच्यांना आधी पलीकडे नेऊ, असं वाटाड्याचं म्हणणं. त्याचंही खरं होतं, पाणी काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. मी गळ्याचा घाम पुसायला हात नेला आणि शिट्टी हाताला लागली. तोंडाला कोरड पडलेली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली, आणि छातीतला श्वास संपेपर्यंत मी ती सोडली नाही.

बराच वेळ काही नाही. मग बुटांचा आवाज आला, आणि मग ते. भिजलेले, ओठ काळेनिळे, हातात लाल मफलर उंच धरलेला.

"कुठं होता?" माझा आवाज चिरकला.

"मागच्या वळणावर. गाडी मधीच थांबली की गार्डनं मागं जाऊन लाल धरून उभं राहायचं असतं भाऊ. मागून दुसरी येऊन ठोकली तर?"

"इथं कोण येणार मागून?"

त्यांनी वळून धुक्यात पाहिलं. "हौ, ते पण खरंच की. पाय आपोआप गेले." मग हळू आवाजात म्हणाले, "शिट्टीची वाट बघत होतो. होईना. वाटलं, तुम्ही गेलात. लई भेव वाटलं."

"मग आला का नाहीत?"

"शिट्टीबिगर कसा येऊ?"

पुलावर त्यांनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, आठवत नाही. झोपडीत ते सगळ्यांच्या शेवटी शिरले, बाहेर एकदा नजर टाकली आणि दार लावून घेतलं.

शिट्टी परत करायला गेलो तर म्हणाले, "असू द्या ड्रायवरजवळ."

गेल्या वर्षी ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपले. स्मशानाकडे निघालो तेव्हा पहिल्यांदाच ते पुढे होते आणि आम्ही मागे.

रविवारी आम्ही अजून फिरायला जातो. वळण आलं की मी मागे बघतो आणि पुन्हा चालू लागतो. शिट्टी खिशात असते. ती वाजवायचा मात्र मला धीर होत नाही. त्या धुक्यात वाजवली आणि ते आले. आता वाजवली आणि कोणीच आलं नाही, तर?