झाकण ठेवून घेणाऱ्या बाई

कुसुमबाईंकडे काही पाठवलं की डबा परत यायचा. घासलेला, पुसलेला, आत मूठभर शेंगदाणे नाहीतर गुळाचा खडा. झाकण मात्र यायचं नाही. ते बाई ठेवून घ्यायच्या. आमच्या गल्लीत असं एकही घर नव्हतं, ज्याचं झाकण बाईंच्या फडताळात नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, हे काय लावलंय? रंजना मला रोज बोलते."

"बोलू दे. झाकण मागायला येते ना ती? डबा झाकणासकट दिला की व्यवहार मिटला. मग कोण कुणाकडं जातंय?"

रंजना म्हणजे माझी बायको. ती खरोखरच दर दोन-चार दिवसांनी झाकण मागायला जायची, तासभर बसायची आणि झाकण न घेता यायची.

बाईंनी जामखेडच्या शाळेत आमच्या दोन पिढ्यांना चित्रकला शिकवली. मी मंडपाचा धंदा काढला तेव्हा उद्घाटनाला आल्या आणि माझ्याच माइकवरून म्हणाल्या, "बाळासाहेबानं आठवीत काढलेली गाय मला अजून स्वप्नात येते. पाचवा पाय कुठं ठेवू, विचारते."

निवृत्त झाल्यावर त्यांनी कागद-रंग बाजूला ठेवले आणि रोजच्या वापरातल्या वस्तूच मांडायला लागल्या. शहरात याला मांडणशिल्प म्हणतात. बाई 'मांडामांड' म्हणायच्या. एका हळदीकुंकवाला बायका आत बसल्या असताना त्यांनी दारातल्या सगळ्या चपलांचा मोर केला. तो मोडायचा कुणाला धीर होईना. समोरची कौसाबाई तर अनवाणीच घरी गेली, कारण तिची चप्पल मोराच्या डोळ्यात होती.

मग आला टँकरचा उन्हाळा. बायकांनी पहाटे नंबर लावून ठेवलेले हंडे बाईंनी रंगाप्रमाणे लावले. निळे, हिरवे, पिवळे, वळणं घेत, पारापासून चौकापर्यंत एक नदीच.

"बाई, माजा नंबर तिसरा हुता," कौसाबाई म्हणाली.

"नदीत कुठं नंबर असतो, कौसा?"

टँकरवाला खाली उतरला. टोपी काढून पारापासून चौकापर्यंत चालून आला. मग म्हणाला, "मावशी, पानी वतायचं कुटून?"

"उगमापासून."

उगम कुठला यावरून त्या दिवशी जी भांडणं झाली, त्यांचा आवाज पुण्यापर्यंत गेला. म्हणजे कुणीतरी बाईंच्या मुलाला फोन केला. कुणी ते मला माहीत आहे, पण मला याच गल्लीत राहायचं आहे. मुलगा अविनाश एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. जिन्यावर सांडलेलं पाणी दिसलं तरी पाटी लावणारा माणूस. त्यानं सांगितलं, आई आता एकटी राहायच्या अवस्थेत नाही, रविवारी न्यायला येतो.

बाई तडक माझ्या गोदामात आल्या. "बांबू पाहिजेत. अवीला म्हटलंय, एक काम बघ. ते बघून आई बिघडली असं वाटलं, तर मुकाट्यानं गाडीत बसते." नेहमीसारखं हसल्या नाहीत. मी सगळ्यात सरळ बांबू काढून दिले.

त्यांनी घरटी एक स्टीलचं भांडं मागितलं. चौकात माझ्या बांबूंचं झाड उभं केलं. फांद्यांना पातेली, पराती, कळश्या टांगल्या आणि पानं म्हणून फडताळातली सगळी झाकणं. उन्हात त्याच्याकडे बघवेना आणि वारा सुटला की ऐकवेना. शनिवारी आख्खी गल्ली कौतुकानं आली, पण सगळ्यांनी लांबूनच पाहिलं. तेवढंच नशीब.

रविवारी अविनाश आला. गाडीच्या दारावर हात ठेवून झाडाकडे बघत राहिला. बाई इस्त्रीची साडी नेसून शेजारी उभ्या, मी माइक-स्पीकर लावून तयार. तो तोंड उघडणार, एवढ्यात कौसाबाईनं एका पातेल्याखाली मान वाकडी केली.

आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, कुणाला दिलं आणि कुणी दिलं ते.

"आगं, ह्ये माजं हाय," ती म्हणाली. "माज्या मामानं दिल्यालं. ह्ये कुनी आनलं?"

ते रंजनानं आणलं होतं. मी स्पीकरच्या मागे गेलो.

"मला वाटलं आमचंच हाय," रंजना म्हणाली. "सासूबाईंच्या टायमापासून घरात हाय." मग वर बघून, "आन् ती परात? कौसाबाई, ती तुमी आनली ना? तिच्यावर माज्या बापाचं नाव हाय."

पुढच्या मिनिटाला सगळ्या माना वर झाल्या आणि मग सगळे हात. कुणाच्या लग्नाला नेलेलं, कुणाच्या जावळाला नेलेलं, परत करायचं राहिलेलं सगळं त्या झाडाला लागलं होतं. दोघी-तिघी फांदीला लोंबकळल्या. झाड कलायला लागलं.

"खाली उतरा, लोड येतोय," असं ओरडत अविनाश धावला आणि त्यानं मधला बांबू मिठी मारून धरला.

बाईंनी माझ्या हातातला माइक घेतला. "थांबा. एकेकीनं यायचं, नाव वाचायचं, भांडं ज्याचं त्याला द्यायचं. अवी, बांबू सोडू नकोस."

आणि वाचन सुरू झालं. मेलेले मामे, आत्या, सासरे एकेक करून स्पीकरवरून येऊन गेले. बापाचं नाव ऐकून रंजना मटकन खाली बसली, परात पोटाशी धरून. लगेच तिला ती परात कौसाबाईनं किती वर्षं वापरली ते आठवलं आणि ती पुन्हा उभी राहिली.

शेवटी एक वाटी उरली. बाईंनी वाचलं, "चिरंजीव अविनाश यास, बारशानिमित्त." तीही कौसाबाईनंच परातीबरोबर दिलेली.

"मी काय चोरली न्हाई," कौसाबाई म्हणाली. "ह्यो बारका असताना वाटी घिऊनच जेवाया यायचा आमच्याकडं."

बांबूला बिलगलेला अविनाश हसायला लागला. हसताना बांबू हलला, उरलेली झाकणं वाजली.

"आई, वेड तुला लागलंय का गल्लीला?"

"तू बांबू का धरलास ते आधी सांग."

संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला. बाई त्यानंतरही बरीच वर्षं मांडामांड करत राहिल्या. झाकणं पुन्हा फडताळात गेली, हे सांगायला नको.

गेल्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. त्या घरात चूल पेटायची नव्हती. गल्लीनं रोज पिठलं, भाकरी, कढी पोचवली. दिवस झाल्यावर अविनाशनं सगळे डबे घासले, पुसले, ओट्यावर लहानमोठे लावले आणि नावं वाचून ज्याचे त्याला दिले. आत एकेक गुळाचा खडा. एकाही डब्याला झाकण नव्हतं.

"भाऊजी, झाकन?" रंजनानं विचारलं.

त्यानं गाडीची डिकी लावली. आत खणखणाट झाला. "पुण्याला चाललंय, वहिनी. मागायला या."

रंजना परवा पुण्याला गेली होती. एसटीचे हाल सोसून गेली, दोन दिवस राहिली आणि झाकण न घेता आली.