लेकीची गाडी कितपत कडक

मिस्त्रींना सकाळी उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसावं लागे. कंबर सरळ झाल्याशिवाय पाय चपलेत जात नसत. एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढलेली. कंबरेनं आता त्याचा हिशेब मागायला सुरुवात केली होती.

गॅरेज घराच्या खालीच होतं आणि काम एकाच प्रकारचं: स्प्रिंगा आणि शॉकअप. खड्ड्यातून गाडीला उचलून धरते ती स्प्रिंग, आणि उसळलेल्या स्प्रिंगला आवरतो तो शॉकअप, एवढंच ते नव्या गिऱ्हाईकाला सांगत. घाटात गाडी पळवायची हौस असलेले लोक यायचे आणि म्हणायचे, "वळणावर झुकते हो, कडक करून द्या." मिस्त्री मान हलवत. "मी कडक करत नाही." मग ती गाडी चौकातल्या चकाचक गॅरेजात जाई. आठ वर्षं असंच चाललं होतं.

एका रविवारी त्यांच्या मुलीनं आपली गाडी गॅरेजच्या दारात आणून लावली. मुलीला घरात ठकी म्हणत. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसून विटली, की रविवारी पहाटे घाट चढायची आणि नऊच्या आत घरी परतायची. गाडी जुनी, छोटी, दोनदा हात बदललेली.

"बाबा, स्प्रिंगा कडक करायच्यात. पुढच्याही आणि मागच्याही."

"नाही जमायचं."

"मग चौकात जाते. ते एका तासात करून देतात."

मिस्त्री स्टुलावर बसले. वाद घालायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्या दिवशी नव्हता. शिवाय लेक बोलली तसं करणारी, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "ठेव. बघतो."

पहिल्या खेपेला त्यांनी तिला हव्या होत्या तशाच स्प्रिंगा घातल्या, पण एका अटीवर. घाटात आपण बरोबर येणार. पुढच्या रविवारी ते शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. पहिल्या चार वळणांवर रस्ता गुळगुळीत होता, तोवर गाडी रुळावरून चालल्यासारखी वळत होती. ठकी खूश. "बघा, जरासुद्धा झुकत नाही!"

पाचव्या वळणावर पावसानं उखडलेला पट्टा होता. तिथं गाडीनं एकापाठोपाठ तीन उड्या मारल्या आणि मागचा भाग बाहेरच्या बाजूला हातभर सरकला. ठकीनं स्टिअरिंग सावरलं. गाडी सावरली. कठड्याजवळची खडी चाकाखालून कडकडत उडाली.

"थांबव," मिस्त्री म्हणाले.

तिनं गाडी कडेला घेतली. दोघं बॉनेटला टेकून उभे राहिले. मिस्त्रींनी हात खिशात घातले.

"झुकत नाही हे खरं," ते म्हणाले. "पण उडते. चाक हवेत असलं की ते काही धरत नाही. ब्रेक दाब नाहीतर स्टिअरिंग फिरव, सगळं फुकट."

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना? मग बसवलं कशाला?"

"सांगून ऐकलं असतंस?"

ती हसली नाही. मग त्यांनी तिला ते सांगितलं, जे घरात फक्त तिच्या आईला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं होतं. छापखान्यात कामाला असलेला हसतमुख माणूस. "मिस्त्री, दगडासारखी करून द्या," म्हणाला. मिस्त्रींनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. गिऱ्हाईक राजा. महिन्याभरात ती गाडी अशाच एका उखडलेल्या वळणावर उडाली आणि कठड्यावर आदळली. माणसाचं खुब्याचं हाड मोडलं.

"तो काठी टेकत गॅरेजात आला होता," मिस्त्री म्हणाले. "म्हणाला, तुमची काही चूक नाही, हौस माझी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. तो चहा प्यायला आणि गेला."

ठकीनं वळून चाकाकडे बघितलं. "मग नरमच ठेवायची का?"

"नरम ठेवली तर वळणावर लोळते, आणि एका वळणातून दुसऱ्यात जाताना तिला उठायलाच वेळ लागतो. तेही नको. ह्या रस्त्याला किती चालेल ते शोधायचं."

शोधायला आणखी दोन रविवार गेले. मिस्त्रींनी पुढच्या स्प्रिंगा कंपनीच्या होत्या त्याहून थोड्याच कडक घेतल्या, मागच्या मूळच्याच परत बसवल्या. शॉकअप मात्र चारही बदलले. जुने शॉकअप थकले होते, स्प्रिंगला आवरत नव्हते. "तुझी गाडी झुकत होती ती अर्धी ह्यांच्यामुळे," ते म्हणाले. नटबोल्ट सोडवायला दोन्ही वेळा चार-चार तास गेले. मिस्त्री आता अर्ध्या तासापेक्षा जास्त गाडीखाली राहू शकत नव्हते. दर वेळी बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून बसत. दुसऱ्या रविवारी ठकी स्वतः पाना घेऊन खाली शिरली.

"डावीकडे की उजवीकडे?"

"उलटीकडे. नाही, तुझ्या उलटीकडे. अगं माझ्या नाही!"

"बाबा, आपण दोघं नक्की कुठल्या बाजूला आहोत?"

एवढ्या दमलेल्या अवस्थेतही मिस्त्रींना हसू आलं. वरच्या खिडकीतून तिची आई म्हणाली, "दोघंही उलटेच आहात. जेवायला या."

काम झाल्यावर त्यांनी मडगार्डावर सगळं वजन टाकून गाडी दाबली आणि सोडली. ती वर आली, जागेवर बसली आणि पुन्हा हलली नाही. चारही कोपऱ्यांवर तसंच. मग त्यांनी टायरमधली थोडी हवा काढली, कारण ठकीनं पंपावरच्या माणसाचं ऐकून ती फार भरून घेतली होती.

त्यापुढच्या रविवारी दोघं घाटात गेले तेव्हा गाडी पाचव्या वळणात किंचित झुकली, उखडलेल्या पट्ट्यावरून धडधडत गेली, पण चाकं खालीच राहिली. ठकीनं वळणाच्या शेवटी वेग वाढवला आणि गाडी तिच्या हाताबरोबर सरळ झाली. माथ्यावर पोचल्यावर तिनं विचारलं, "कशी वाटली?"

"ब्रेक थोडा आधी दाबत जा. वळणात शिरल्यावर नाही."

"गाडीबद्दल विचारतेय मी."

"गाडी बरी आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या तोंडी बरी म्हणजे फारच बरी, हे घरात सगळ्यांना कळत असे.

उतारावर ठकीनं दोन-तीन वळणं मनासारखी घेतली. मग शेजारून काहीच टोमणा आला नाही म्हणून तिनं वळून पाहिलं. मिस्त्रींची मान खिडकीकडे कलली होती, तोंड अर्धवट उघडं. ते गाढ झोपले होते. तिनं गिअर बदलला आणि उरलेला घाट सावकाश उतरली.