पहिली ग्रिझेल

ग्रिझेल मॅकिल्वेनला रागवायला कारण लागत नाही, असं खोऱ्यातली माणसं म्हणायची. खोटं होतं ते. कारण होतं, सत्तेचाळीस वर्षांचं मुरलेलं कारण होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

म्हातारी पासष्टीची. सस्क्वेहॅना नदीपलीकडं, ओंडक्यांच्या एका खोलीत एकटी राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लिननच्या कापडासाठी घरोघरच्या जवसाचा वाख तिच्याकडं यायचा आणि ती लोखंडी खिळ्यांच्या फणीतून तो विंचरून द्यायची. लांब धागा एका बाजूला, कुटार दुसऱ्या बाजूला. बोलणंही तसंच. समोरच्याचं चांगलं काय आणि कुटार काय, ते ती तोंडावर वेगळं करून दाखवायची.

तिचा दुसरा धंदा म्हणजे नाती. आयर्लंडहून जहाजं भरभरून माणसं आली, धक्क्यावर उतरली आणि पाचोळ्यासारखी चार दिशांना गेली. कोण कुणाचा कोण, हे सांगायला कागद कुणापाशी होता? नावं तेवढी होती. आपल्या लोकांत नाव ठेवायला डोकं लागत नाही. थोरला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, थोरली मुलगी आईच्या आईचं. मूल दगावलं तर पुढचं मूल त्याचंच नाव घेऊन येतं, कारण आजीचं नाव रिकामं ठेवायचं नसतं. मात्र मूल जिवंत असताना त्याचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही. ते म्हणजे जित्याला मातीत घालणं.

एवढ्या धाग्यावर ग्रिझेल अख्ख्या खोऱ्याची नाती उलगडायची. तुझी थोरली जेनेट ना? मग तुझी बायको अमक्या गावच्या जेनेटची लेक, आणि पलीकडच्या टेकडीवरचा तो लंगडा तुझा मेव्हणा लागतो, जा, त्याला कापणीला मदत कर. अशी तिनं किती तरी माणसं एकमेकांच्या दारात नेऊन उभी केली. तिला स्वतःला कुणी विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?" तर उत्तर ठरलेलं. "मला माहेर नाही. तुझं काम झालं असेल तर दार लोटून घे."

त्या शरद ऋतूत ओढ्याच्या वरच्या अंगाला तापाची साथ आली आणि एक जोडपं आठवड्याभरात गेलं. वसंतातच कुठून तरी येऊन राहिलेली माणसं, नीट ओळखही झाली नव्हती कुणाशी. मागं आठ वर्षांची मुलगी राहिली. मंगळवारी सकाळी पाळक लॅटिमर त्या मुलीला हाताशी धरून ग्रिझेलच्या दारात आले.

"ग्रिझेलकाकू, हिचं कुणी गणगोत निघतंय का बघा. शनिवारपर्यंत."

"शनिवारच का?"

"रविवारी प्रभुभोजन, सोमवारी उपकारस्तुतीची प्रार्थना. ती संपली की अँड्र्यू पेबल्स कागद करणार. अठरा वर्षांची होईपर्यंत मुलगी त्याच्याकडं कामाला बांधलेली."

अँड्र्यू पेबल्स म्हणजे गिरणीचा मालक, प्रार्थनाघराच्या मंडळीतला एक वडील, म्हणजे पंच, आणि वस्तीतल्या अनाथ-गरिबांचा कारभारीही तोच. नातेवाईक नसलेलं मूल कुणाकडं बांधायचं ते तो ठरवायचा, आणि या खेपेला त्यानं स्वतःलाच ठरवलं होतं.

"सूत कातायला, लेकरं सांभाळायला. धर्माचं काम आहे म्हणतो," पाळक म्हणाले. बोलताना त्यांनी नजर खाली घेतली.

"स्वतःच्या पदरात पडणार असलं की सगळंच धर्माचं काम," ग्रिझेल म्हणाली. "दहा वर्षं. दहा वर्षं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही, मला आहे. ठेवून जा तिला इथं."

तिनं मुलीपुढं ओटची लापशी ठेवली, ताक ठेवलं आणि स्वतः फणीपाशी बसली. मुलगी खाली मान घालून जेवली. वाडगं पुसून घेऊन तिनं जागेवर नेऊन ठेवलं. ते पाहून म्हातारीला उगाचच चीड आली. इतक्या लहान वयात कुणाचं ओझं न होण्याची सवय लागायला नको होती.

"नाव?"

"ग्रिझेल."

"दर पाच घरांआड एक. आईचं?"

"एस्थर."

"तिच्या आईचं?"

"ग्रिझेल."

"आणि तिच्या?"

"एस्थर. एस्थर टॅगर्ट. डोनेगल वस्तीतली."

म्हातारीचा हात चालूच राहिला. हातातला जवसाचा झुपका ती खिळ्यांवरून ओढत राहिली, पुन्हा ओढला, पुन्हा ओढला, आणि बघता बघता चांगल्या लांब धाग्याचं सगळं कुटार होऊन गेलं.

एस्थर टॅगर्ट म्हणजे तिची आई.

नऊ वर्षांची असताना, आयर्लंडहून येऊन उतरल्याबरोबर, न्यूकॅसलच्या धक्क्यावर तिला डॉबिन नावाच्या शेतकऱ्याकडं बांधलं होतं, घरातल्या सगळ्यांच्या जहाजाच्या भाड्यापोटी. तेव्हा ती रडली नव्हती. थोरल्या मुलीनं रडायचं नसतं, आणि बाप म्हणाला होता की मी येतो. नऊ वर्षं ती डॉबिनकडं राबली. बाप आला नाही. अठराव्या वर्षी सुटली तशी विचारत विचारत चार दिवस चालत डोनेगल वस्तीत पोचली. प्रार्थनाघराच्या विहिरीवर एक बाई पाणी भरत होती. टॅगर्टांचं घर कुठं, असं तिनं विचारलं. बाई म्हणाली, "ते काय, धुराडं दिसतंय ना. सगळी घरीच असतील. त्यांची ग्रिझेल आत्ताच घागर घेऊन गेली, सहा वर्षांची आहे, पण कामाला वाघीण."

त्यांची ग्रिझेल. जिवंतपणी तिचं नाव काढून दुसरीला घातलं होतं. तहान लागलेली असतानाही ती पाणी न पिता विहिरीवरूनच मागं फिरली, आणि त्या दिवसापासून तिला माहेर नव्हतं.

आता त्या दुसरीची नात तिच्यासमोर बसली होती. म्हातारीचं डोकं फिरलं. लेकरू कुठलं, आपण कोण, काही न बघता ती बोलून गेली.

"तुझी आजी दुसरी. पहिलीला विकून मोकळे झाले, मग दुसरी आणली. हे सांगितलं का कधी तुला?"

मुलगी घाबरली नाही. प्रश्नोत्तरांचा पाठ म्हणावा तशी म्हणू लागली. "पहिली ग्रिझेल न्यूकॅसलला डॉबिनकडं दिली. दोन वर्षांनी पणजोबा लिननचे दोन तागे पाठीवर घेऊन तिला सोडवायला गेले. डॉबिननं त्यांना थडगं दाखवलं. ती तापानं गेली म्हणाला. पणजोबा दिवसभर थडग्यापाशी बसले आणि तागे तसेच घेऊन परत आले. मग आजी झाली. तिला त्याच कापडात गुंडाळली. दर वर्षी जवस पेरताना आम्ही पहिलीसाठी प्रार्थना करतो." मग तिनं दुरुस्त केलं, "करायचो. आजीही गेली, आता घरचं कुणीच राहिलं नाही."

थडगं! कुणाचं थडगं? त्या वर्षी डॉबिनकडची दुसरी बांधलेली मुलगी, पेग, तापानं मेली होती. गोठ्यामागं तिला पुरली होती, वर साधी फळीसुद्धा नव्हती. आणि बाप कुठल्या दिवशी येऊन गेला ते म्हातारीला आता कळलं, कारण तो दिवस ती कधी विसरलीच नव्हती. डॉबिननं तिला सकाळीच वरच्या रानात दगड वेचायला पिटाळलं होतं, अंधार पडेपर्यंत खाली यायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि नऊ वर्षांत एकदाच, फक्त त्या दिवशी, भाकरीला लोणी लावून दिलं होतं. माणूस वाईट होता, पण एकदा त्यानं लोणी दिलं होतं, असं ती आजवर मनाला सांगत आली होती. वरून गोठा दिसायचा. गोठ्यामागं काय चाललंय ते दिसायचं नाही.

ती उठली. कुटाराचा ढीग तिनं लाथेनं उडवला. डॉबिन मेलेला होता, त्याला शिव्या घालून काय उपयोग? बाप मेला होता, आई मेली होती, धाकटी बहीणही गेली होती. तिचं तर तोंडही पाहिलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं ज्यांच्यावर दात खाल्ले ती माणसं दर वर्षी तिच्यासाठी डोळे मिटून बसत होती. आणि विहिरीपासून धुराड्यापर्यंत किती अंतर होतं? शंभर पावलं! शंभर पावलं चालायला काय झालं होतं तुला, मेले? हे ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली. मुलगी कुटार गोळा करू लागली.

शनिवारी प्रार्थनाघरात माणसं रांगेनं उभी होती. प्रभुभोजनाच्या मेजावर बसायचं तर आदल्या दिवशी मंडळीच्या वडिलांकडून शिशाचा बिल्ला घ्यावा लागतो. वडील विचारतात, कुणाशी वैर आहे का? नाही म्हणायचं, हात पुढं करायचा. पेबल्सच्या हातात थैली होती, शेजारी पाळक बसले होते. ग्रिझेलची पाळी आली. मुलगी तिच्या बोटाला धरून होती.

"काय काकू, सापडलं का कुणी?" पेबल्सनं विचारलं.

"सापडलं. मी."

पेबल्स हसला. "म्हणजे?"

"हिच्या आजीची सख्खी थोरली बहीण. एस्थर टॅगर्टची थोरली मुलगी."

"काकू, नावांवरून काय ठरतं? ग्रिझेल काय, एस्थर काय, हाक मारली तर निम्मी मंडळी मागं वळेल. आणि तुम्हीच तर जन्मभर सांगत आलात, मला माहेर नाही. सगळ्या खोऱ्यानं ऐकलंय ते."

रांगेतली दोन-चार माणसं मान डोलवायला लागली. खरंच होतं ते, तिनंच सांगितलं होतं. मुलीची बोटं तिच्या मुठीत घट्ट झाली.

"खोटं सांगत आले," ग्रिझेल म्हणाली. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "आणखी ऐक. आधी तुझ्या बापानं आणि मग तू, चाळीस वर्षं मला विचारलंत, कुणाशी वैर आहे का. चाळीस वर्षं मी नाही म्हटलं, बिल्ला घेतला आणि जाऊन मेजावर बसले. जन्मदात्यांशी वैर धरून बसले. ते मला मेली समजून रडत होते आणि मी इथं खोटं बोलून प्रभूची भाकर खात होते. लिहून घ्या."

असल्या कबुलीला काय शिक्षा असते ते प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन रविवार सगळ्या मंडळीसमोर उभं राहायचं, खाली मान घालून बोलणी ऐकायची, आणि तोवर मेज बंद. गेल्या साली अशी उभी राहिलेली एक बाई खोरं सोडून गेली होती.

"काकू, समजून बोलताय ना?" पाळकांनी हळूच विचारलं.

"न समजता बोलायचं वय होतं तेव्हा बोलले नाही. अँड्र्यू, तो बिल्ला ठेव थैलीत. मला नको आहे तो उद्या."

पेबल्सनं बिल्ला थैलीत टाकला. पण मुलगी एवढ्यात सोडेल तो पेबल्स कसला? "पाळकसाहेब, हा पुरावा झाला का?"

"दुसऱ्याच्या लेकरासाठी अशी लाज कोण ओढवून घेतं, अँड्र्यू?" पाळक म्हणाले. "मला पुरे आहे. सोमवारचा कागद फाडून टाक."

"पासष्ट वर्षांची बाई आहे. किती दिवस पुरणार ती या पोरीला?"

"मी रागावर जगते," ग्रिझेल म्हणाली. "आणखी दहा वर्षांचा साठा आहे. तू त्यात आज भर घातलीस, बरं झालं."

ती वळली. माणसांनी वाट दिली, काहींनी तोंडं फिरवली. तीन रविवार हीच तोंडं समोर असणार होती. असू देत. बाहेर घोडे बांधलेले होते, गाड्यांच्या सावलीत बायका भाकऱ्या सोडत होत्या. एकीनं हात वर केला, ग्रिझेलनं बघितलं न बघितलं केलं.

कुंपणाबाहेर आल्यावर मुलगी थांबली. मघापासून काहीतरी तिच्या मनात घोळत होतं.

"म्हणजे ती पहिली तुम्हीच?"

"हो."

"पण आजी म्हणायची, ती मेली."

"मेली नव्हती गं," म्हातारी म्हणाली. "वरच्या रानात दगड वेचत होती."